रेडिएटरमधला कापूस

आमची छोटी गाडी घेतली तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता ती पुण्याला कॉलेजात आहे आणि गाडी अजून दारातच आहे. रंग छपरावरून उडालाय, मागचं डावं दार आतून उघडत नाही. नवऱ्याला कंपनीने गुजरातेतल्या गोदामावर पाठवलं तेव्हा त्याने गाडीवर ताडपत्री टाकली, दोरीने बांधली आणि मला सांगितलं, "मी आलो की बघू." लायसन्स माझ्याकडेही होतं. पण घरात दुसरा चालवणारा असला की आपला हात तिकडे जात नाही, तसं माझं झालं होतं.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळं बदललं. मी त्यांना आई म्हणते. नवा गुडघा बसवला, टाके सुकले, आणि डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम चुकवायचा नाही. व्यायाम करून घेणारी बाई बसायची धामणकर नाक्याच्या पलीकडे. आमचं घर दापोड्याच्या अलीकडे, गोदामांच्या पाठीमागे. पहिल्यांदा रिक्षाने गेलो. कंटेनरच्या चाकांनी रस्त्याला जे खड्डे पाडलेत त्यांतून आई दांडी धरून, ओठ दाबून बसल्या. घरी आल्यावर पायरीवरच टेकल्या.

"मना त्या रिक्षात परत न्हाय बसायचा," त्या म्हणाल्या. "गुडघा नवा बसवला हाय, तो मोडायचा हाय का? गारी हाय ना दारात?"

"गाडी आहे, पण चालवणार कोण?"

"तू. लायसन हाय ना तुज्याकरं?"

ताडपत्री काढली. बॅटरी मेलेली होती, चाकांत हवा नव्हती. शेजारच्या टेम्पोवाल्याने बॅटरीला बॅटरी जोडून गाडी सुरू करून दिली. पहिले काही दिवस मी पहाटे, कंटेनर सुटायच्या आधी, गोदामांच्या रस्त्यावर एकटीच फेऱ्या मारल्या. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडायची. माझी गोदामातल्या ऑफिसातली ड्युटी दुपारची, त्यामुळे सकाळ माझी होती. क्लचवर माझा पाय जरा बसला तसं आईंना घेऊन निघाले.

जाताना काही झालं नाही. परत येताना धामणकर नाक्यावर आम्ही अडकलो. पुढे शेअर रिक्षांची रांग, बाजूला कापडाचे तागे भरलेला ट्रक, मागून हॉर्न. ऊन मी म्हणत होतं. मी समोर बघितलं तर तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकत होता. नवरा कधीतरी बोलला होता ते आठवलं, की इंजिन तापलं तर एसी बंद करायचा आणि हिटर पूर्ण चालू करायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत येते. मी तेच केलं. गरम वाऱ्याचा झोत थेट आईंच्या तोंडावर आला.

"काय गो! शेगडी पेटवलीस का काय?"

"आई, काचा खाली करा. इंजिनची गरमी आत घेतेय."

"इंजिनची? आनि माजी कोन घेनार?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं, पण काच खाली केली. काटा थोडा मागे आला. नाका ओलांडून मी एका टायरच्या दुकानासमोर गाडी थांबवली, बंद केली आणि बोनट उघडायला उतरले. तिथे उभा असलेला रिक्षावाला ओरडला, "मॅडम, अभी ढक्कन मत खोलना, भाप मारेगा! पहले ठंडा होने दो. अम्मा को इधर छाँव में बिठाओ." त्याने दुकानातून स्टूल आणून दिलं. आई टायरांच्या चळतीशेजारी बसल्या, घामाने निथळत. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "तू पन पी. लाल झालीस नुसती." गाडी गार झाल्यावर आम्ही हळूहळू घरी पोचलो.

त्या संध्याकाळी नवऱ्याला व्हिडिओ कॉल केला. तो घाबरला आणि घाबरला की तो चिडतो.

"तू हात लावू नकोस तिला. मी येईपर्यंत उभी राहू दे."

"तुम्ही दिवाळीत येणार. आईंचा पाय तोवर थांबणार का?"

"मग गॅरेजला दे."

घरी येताना वाटेतल्या गॅरेजवाल्याला गाडी दाखवली होती, तो म्हणाला होता की रेडिएटर जुना झालाय, बदलूनच टाका. तो खोटं बोलत होता असं नाही. पण पंखा फिरत होता, पाणी कुठे गळत नव्हतं. बदलण्याआधी मला आत बघायचं होतं. नवऱ्याशी वाद वाढला तसा मी फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही फक्त जेवलात का, झोपलात का एवढंच बोलत होतो.

रविवारी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना मी बोनट उघडलं. मोबाईलवर दोन-तीन लोकांचे व्हिडिओ बघितले होते. बॅटरीची वायर सोडवली, आसपासच्या कनेक्शनांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. रेडिएटरला वरून धरणारी पट्टी काढली आणि रेडिएटर जरा मागे घेतला. पुढे एसीची जाळी आणि मागे रेडिएटरची जाळी, या दोन्हींच्या मधे बोट घातलं. हाताला लोखंड लागेल असं वाटलं होतं. लागलं ते मऊ. ओढलं तर राखाडी, ओलसर, गोधडीच्या आतल्यासारखा थर निघाला. ओढत गेले तसा निघतच राहिला. धूळ, तेल, आणि कापूस.

आई ओट्यावर खुर्ची टाकून पाय वर-खाली करण्याचा व्यायाम करत होत्या. मी तो गोळा त्यांच्यासमोर धरला. "आई, हे बघा काय निघालं. म्हणून तापत होती."

त्यांनी तो हातात घेतला, दोन बोटांनी चुरला. "यो तर लूमचा कापूस हाय."

खरंच होतं. गुजरातेला जायच्या आधी नवरा निजामपुऱ्यातल्या कापडाच्या गोदामात होता. गाडी दिवसभर गल्लीत उभी असायची, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खोलीचा पंखा जिथे बाहेर हवा फेकतो तिथेच. इतकी वर्षं गाडी तो कापूस आत ओढत होती.

आई तो गोळा सोडेनात. "तुजे सासरे ड्युटीवरून यायचे ना, तवा भुवयांवर, कानांत, सगलीकरं याच असायचा. मी हसायचे. म्हातारा झालास म्हनायचे." त्या थांबल्या. "मंग तो खोकाय लागला. डॉक्टरनी फोटो कारला छातीचा. पांढरा पांढरा दिसत होता. मना वाटला, याच हाय आत."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले. खोकल्याने गेले एवढंच घरात बोललं जायचं. ते निजामपुऱ्यातच लूमवर होते हे मला माहीत होतं, पण आईंच्या तोंडून ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले.

थोड्या वेळाने त्यांनीच तो गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि हात झटकले. "पानी मार त्याला. पन जोरात न्हाय. जाली वाकरी व्हयाची."

मी इंजिनच्या बाजूने बारीक धारेने पाणी सोडलं, रंगाच्या जुन्या मऊ ब्रशने आडवं-उभं झाडत राहिले. पुढून काळं पाणी यायला लागलं. स्वच्छ पाणी यायला दुपार झाली. पट्टी बसवताना एक नट इंजिनखाली पडला, तो शोधायला मी अंगणात पालथी पडले तेव्हा आई वरून हसत होत्या. कूलंट भरलं, वायर जोडली, गाडी अंगणात चालू ठेवली. पंखा लागला, बंद झाला, पुन्हा लागला. काटा मधोमध.

त्यानंतर मला हे काम आवडायला लागलं, हे कबूल करायला हरकत नाही. पुढची सीट फार खाली होती, आईंना बसता-उठताना कळ यायची. घट्ट फोमचा तुकडा आणला, सीटच्या मापाने सुरीने कापला, वर सुती कापडाची खोळ शिवली. आई बसल्या आणि तिथेच अडकल्या. कापड साडीला धरून ठेवत होतं, पाय आत वळेना. व्यायामाच्या बाईने सांगितलं, गुळगुळीत कापड घाला. मग आधी दोन्ही पाय बाहेर ठेवून बसायचं आणि मग अख्खं अंग वळवायचं. जुन्या सॅटीनच्या परकराची दुसरी खोळ शिवली. आई अशा सर्रकन वळल्या की स्वतःच दचकल्या. दारावरची पकडायची मूठ तुटली होती. भंगाराच्या दुकानातून दुसऱ्याच गाडीची मिळाली, रंग वेगळा, भोकं मात्र जुळली. मागे बघायचा सेन्सर बसवला, कारण मी फाटकाचा खांब दोनदा घासला होता. तो वाजायला लागला की आई म्हणायच्या, "टिटवी वरडली, थांब."

पाय सुधारला तसं एक दिवस गाडीत बसल्यावर आई म्हणाल्या, "आज व्यायामाला नको. माज्या भावाकरं चल."

त्यांचं माहेर खाडीकाठी. भाऊ, म्हणजे आमचे मामा, त्यांच्याहून मोठे, अंथरुणाला खिळलेले. गुडघे गेल्यापासून आईंनी तिकडे जायचं सोडलं होतं आणि भावाला इकडे येता येत नव्हतं. फोनवर दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येत नसे. शेवटचा रस्ता बांधावरचा, अरुंद. समोरून वीटभट्टीचा ट्रॅक्टर आला तेव्हा मला बरंच मागे जावं लागलं. टिटवी ओरडत राहिली, आई मान वळवून मागे बघत सांगत राहिल्या, "ये, ये, अजून जागा हाय."

मामांनी आईंना आधी ओळखलंच नाही. आई काठी टेकत आत गेल्या, खाटेवर बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला.

"कशी आलीस?" मामांनी विचारलं.

"गारीनं. सून घेऊन आली."

मामांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा आईंकडे. मामा एकदम म्हणाले, "मिठागरावर तू मना ढकलला होतास." आणि आई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. पावसाळ्यात मामा गेले. त्याआधी आम्ही आणखी बऱ्याच वेळा गेलो.

दिवाळीला नवरा आला. चालवायला बसला तर सीट पुढे ओढलेली होती, त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले. तो उतरला, बोनट उघडून आत वाकून बघायला लागला.

"पट्टी तूच काढलीस?"

"हो."

"मला वाटलं होतं गॅरेजला दिलीस." मग म्हणाला, "फोनवर मी उगाच चिडलो."

दुसऱ्या दिवशी आईंच्या वहिनीला, म्हणजे मामींना, भेटायला निघालो. त्याने किल्ली माझ्याच हातात ठेवली आणि तो मागे बसला. वाटेत म्हणाला, उजव्या बाजूने खालून खडखड ऐकू येतेय.

"माहीत आहे," मी म्हटलं. "सायलेन्सरची पट्टी ढिली झालीय. रविवारी बघणार आहे."

"मी पण असेन," तो म्हणाला.