हुरडा: तारीख ठरवणे बाकी

जगातली कोणतीही साधी गोष्ट आमच्या साडूंच्या हाती दिली, की संध्याकाळपर्यंत तिचा प्रकल्प होतो. सिलिंडर बदलणे, कोथिंबीर आणणे, कुणाच्या मुंजीला जाणे किंवा न जाणे ही तुमच्या-माझ्या लेखी कामं असतील. साडूंच्या लेखी त्यांना उद्दिष्ट असतं, टप्पे असतात आणि एक जबाबदार व्यक्ती असते. ही जबाबदार व्यक्ती बहुतेक वेळा मी असतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत, एवढ्याच भांडवलावर त्यांनी मला गेली कित्येक वर्षं हाताखाली घेतलेलं आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो. साम्राज्यं कशी पसरतात आणि कशाने बुडतात याचं थोडं वाचन असल्यामुळे मी साडूंकडे पहिल्यापासून जरा अभ्यासाच्याच नजरेने पाहत आलो.

ते चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नियोजन खात्यात होते. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं घड्याळ दिलं. नियोजन तेवढं परत मागून घ्यायचं राहून गेलं. ते साडू घरी घेऊन आले. सुरुवातीला त्याचा त्रास फक्त अक्कांना, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला होता. पण पुढे फोनमध्ये ती बुद्धिमान यंत्रं आली. विचारलं की उत्तर देणारी, बोललेलं टिपून घेणारी, दहा माणसांना दहा कामं वाटून पुन्हा त्यांच्यामागे तगादा लावणारी. साडूंना वाटलं, आपण आयुष्यभर ज्याची वाट पाहत होतो तो हाताखालचा माणूस अखेर मिळाला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'सचिव'.

सचिवांशी साडू अहो-जाहोने बोलतात. "अहो, जरा बघता का कृपया, उद्या आपलं काय काय आहे?" असं ते इतक्या मऊ आवाजात विचारतात, की पहिल्या दिवशी अक्का हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. प्रश्न आपल्याला नाही हे कळल्यावर त्या दारातच थांबल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून 'कृपया' म्हणून हाक ऐकली नव्हती गं. ती पण फोनला निघाली."

साडूंचं एक तत्त्वज्ञान आहे. "साडूभाऊ, ज्ञान ही डोक्यात ठेवायची वस्तूच नाही. डोकं गेलं की ज्ञान गेलं. ज्ञान सगळ्यांच्या मालकीच्या जागी पाहिजे." या विचाराने त्यांनी घरातलं सगळं ज्ञान सचिवांच्या स्वाधीन केलं. पेचकस कुठे आहे, पाहुण्यांच्या चादरी कुठे आहेत, हिंग कोणत्या डब्यात आहे. मग एकदा पंख्याचा स्क्रू ढिला झाला. साडूंनी विचारलं आणि सचिवांनी विनयाने सांगितलं, "पेचकस कपाटाच्या तिसऱ्या खणात आहे." तिसऱ्या खणात लोकरीचे गुंडे होते. पेचकस अक्कांनी कधीच शिवणयंत्राच्या पेटीत हलवला होता. "माहिती अद्ययावत करत नाही ही," साडू स्टुलावरून माझ्याकडे बघत खिन्नपणे म्हणाले. अक्का खालून पेचकस वर करत म्हणाल्या, "मला विचारायचं की. मी पण सगळ्यांच्या मालकीचीच आहे या घरात."

घर आटोपल्यावर साडू समाजाकडे वळले. आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही. ते पाहुण्यासारखं येतं, मध्ये काही दिवस जाऊ देतं आणि आल्यावर फार वेळ थांबत नाही. तेव्हा साडूंनी कॉलनीच्या प्रत्येक गल्लीत एकेक निरीक्षक नेमला. ज्याच्या नळाला धार लागेल त्याने कळवायचं, सचिवांनी त्यावरून पुढच्या गल्लीचा अंदाज बांधायचा, पुढच्या गल्लीने 'अंदाज बरोबर' किंवा 'चूक' म्हणून कळवायचं. योजना उत्तम चालली. पाणी आलं त्या सकाळी अख्खी कॉलनी ओट्यांवर बसून फोनमध्ये नोंदी करत होती. दाब किती, रंग कसा, अंदाजापेक्षा उशीर किती. नोंदी संपवून लोक उठले तेव्हा नळ खाकरत होते. पाणी कधी आलं आणि कधी गेलं याची त्या दिवशी कॉलनीइतकी अचूक माहिती जिल्ह्यात कुणाकडे नव्हती. पाणी मात्र एकट्या अक्कांकडे होतं. त्या कशाच्याच सभासद नव्हत्या.

सात रस्त्याच्या चौकात तर त्यांनी भर उन्हात मला उभं करून, समोर पाटी दिसत असलेल्या चष्म्याच्या दुकानाचा मार्ग सचिवांना विचारला होता. मी म्हटलं, "साडू, ते काय, दिसतंय." ते म्हणाले, "दिसतंय हो. पण तिथे जायची योग्य पद्धत हीच का, ते बघायला नको?"

हे सगळं मी आवरतं घेतो, कारण मला सांगायचंय ते मागच्या थंडीतलं.

साडूंचा मुलगा पुण्यात असतो. पाडव्यानंतर आई-वडिलांनी कायमचं तिकडे यायचं, असं ठरलं होतं. घर भाड्याने द्यायचं, शिवणयंत्र माझ्या बायकोला द्यायचं, इथवर बोलणी झाली होती. म्हणजे हा सोलापुरातला शेवटचा हिवाळा आणि बापूंच्या शेतावरचा शेवटचा हुरडा. बापू हे साडूंचे वैरागच्या शाळेतले सोबती. साडू त्यांच्याच शेतात हुरडा खात मोठे झाले, आणि नोकरी लागल्यापासून दर वर्षी आम्हा सगळ्यांना तिथे नेत आले. पूर्वी या कार्यक्रमाचं नियोजन असं असे: बापूंचा निरोप यायचा, "हुरडा आलाय, या," आणि आम्ही जायचो.

यंदा मात्र साडूंनी ठरवलं की शेवटचा आहे, तर सगळे पाहिजेत. पुण्याचा मुलगा-सून, बेंगळुरूची भाची, हैदराबादचे मेव्हणे. सचिवांनी एक गट उघडला आणि सर्वांना मोकळे रविवार विचारले. मला चटण्यांचं 'समन्वयन' मिळालं, म्हणजे माझ्या बायकोने शेंगाचटणी कुटायची आणि मी ती कुटली जात असल्याचं कळवायचं. गाडीचं काम इक्बालभाईंकडे आलं. ते पूर्वी कारखान्याची बस चालवायचे, आता त्यांची स्वतःची मिनीबस आहे. त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं, "साब, गाडी धो के रखा. कब निकलनेका, बोलो नं."

ते बोलणंच होईना. सुनेला पहिला रविवार चालत नव्हता, भाचीला दुसरा, मेव्हण्यांना तिसरा चालत होता पण 'नक्की नाही'. मार्गशीर्ष सरता सरता बापूंचा आवाजी निरोप आला, "आरं, दाणं दुधात आल्यात. चार-आट दिसांत या." सचिवांनी टिपलं: 'बापूंच्या निरोपात निश्चित तारीख नसल्याने तो केवळ माहितीसाठी नोंदवला आहे.' आठवड्याने दुसरा निरोप आला, "आता येतासा का मी गुरांना घालू?" तेव्हा सचिवांनी साडूंच्या संमतीने बापूंना एक काम दिलं. मी ते स्वतः वाचलं, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. 'काम: हुरडा सर्वांची तारीख ठरेपर्यंत कोवळा ठेवणे. जबाबदारी: बापू. स्थिती: सुरू.'

बापूंचं उत्तर तासाभराने आलं. "ज्वारीफुडं उबा ऱ्हाऊन तुझा मेसेज वाचून दावला. आयकत न्हाय ती."

मी साडूंना गाठलं. म्हटलं, "अहो, तुम्ही वैरागचे. ज्वारी थांबत नाही हे मी तुम्हाला सांगायचं?" ते बराच वेळ फोनची काच सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "कळतं हो. पण साडूभाऊ, एक माणूस जरी राहिला ना, तर तो जन्मभर म्हणेल, मला सोडून खाल्लात." मी इतिहासाचा माणूस, कारण एक सांगितलं जातं आणि असतं दुसरं, एवढं मला ठाऊक आहे. तारीख ठरली की हुरडा होणार होता, आणि हुरडा झाला की पाडव्याच्या आत करण्यासारखं काही उरणार नव्हतं. मी चटणीची स्थिती 'सुरू' अशी कळवून घरी आलो.

अखेर रथसप्तमी उलटल्यावर असा एक रविवार निघाला, की जो सर्वांना चालत होता. सचिवांनी गटात फुलं उधळली. त्या रविवारी पहाटे बेंगळुरूहून निरोप आला की ऑफिसचं काहीतरी निघालं. हैदराबादला ताप आला. पुण्याची गाडी टेंभुर्णीपर्यंत येऊन, सुनेला मळमळायला लागलं म्हणून परत फिरली. इक्बालभाईंच्या मिनीबसमध्ये चढलो ते साडू, अक्का, मी आणि माझी बायको. ज्यांच्यासाठी तारीख ठरवली होती त्यांच्यातलं कुणीही आलं नाही. जे आलो ते आम्ही कुठल्याही दिवशी मोकळेच होतो.

बापू बांधावर उभे होते. "लई लवकर आलास की रं," ते साडूंना म्हणाले. "फुडच्या वर्साचा हुरडा अजून पेरायचाय."

तरीही त्यांनी आगटी पेटवली होती. चटण्या होत्या, दही होतं, गूळ होता, बोरं होती. हुरडा सोडून हुरड्याचं सगळं होतं. कणसं पार वाळली होती. बापूंनी त्यातलं एक भाजून हातावर चोळलं आणि दाणे साडूंच्या ओंजळीत टाकले. साडूंनी तोंडात टाकले. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"दात सांभाळा," अक्का म्हणाल्या.

"क्या साब, ये तो छर्रे हैं," एक दाणा चावून पाहत इक्बालभाई म्हणाले.

"कसा हाय?" बापूंनी विचारलं.

"झकास," साडू म्हणाले.

"थुक ते, येड्या. चुलीवर भाकरी टाकाया लावतो."

"दर साली खातो की मी," साडू म्हणाले. "ह्या साली बी खानार." एरवी 'समन्वय' आणि 'प्रोसेस' यांखाली न बोलणारा हा माणूस त्या बांधावर उकिडवा बसून 'बी' म्हणाला, आणि ओंजळ संपेपर्यंत एकेक दाणा फोडून खात राहिला. बापू त्यांच्याकडे पाठ करून आगटीत गोवऱ्या सारत बसले. नंतर आम्ही भाकरी खाल्ली. मागच्या वर्षीच्या ज्वारीची होती आणि चांगली होती. सचिवांनी तिची नोंद केली नाही, कारण तिथे रेंज नव्हती.

ती परतीच्या वाटेवर आली आणि सचिवांनी अहवाल दिला. साडूंनी तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. 'उपक्रम पार पडला. चटण्या: उत्तम. वाहतूक: वेळेवर. मुख्य उद्दिष्ट, हुरडा खाणे: साध्य झाले नाही. हे काम बंद करावे की खुले ठेवावे?'

साडूंनी खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही बाजूंनी काढणीला आलेली ज्वारी मागे पळत होती. इक्बालभाईंनी आरशातून एकदा त्यांच्याकडे बघून गाडीचा वेग कमी केला.

"खुलं ठेवा," साडू फोनला म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कृपया."

पाडव्यानंतर ते पुण्याला गेले. तिथे नियोजन सून करते, आणि माझ्या बायकोच्या सांगण्यावरून तरी उत्तम करते. घरातल्या प्रत्येकाला कॅलेंडरात एकेक रंग आहे. साडूंचा राखाडी आहे. 'बाबा: डोळ्यांचे डॉक्टर.' 'बाबा: नातवाची बस.' साडू सगळी कामं वेळेवर करून तशी खूण करतात म्हणे. मागे फोनवर ते मला म्हणाले, "साडूभाऊ, इथे पाणी चोवीस तास असतं. कुणाला काही कळवावंच लागत नाही." यात आनंद किती आणि तक्रार किती, हे मला ठरवता आलं नाही.

गट मात्र अजून आहे. दर रविवारी सकाळी सचिवांची आठवण येते: 'हुरडा: तारीख ठरवणे बाकी. जबाबदारी: सर्व.' त्याखाली इक्बालभाई लिहितात, "गाडी तैयार है, साब." बापू कधी काही लिहितात, कधी नाही, दसऱ्याच्या सुमारास त्यांनी लिहिलं, "पेरलं." पुण्याहून अंगठा येतो.

मी निवृत्त माणूस, मला अर्धवट लोंबकळणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. त्या आठवणीखाली 'पूर्ण' असं एक बटण आहे आणि ते दाबायची परवानगी साडूंनी मला कधीच देऊन ठेवली आहे. परवाच्या रविवारी थंडी चांगली पडली होती. मी चहा घेता घेता फोन उघडला आणि माझं बोट त्या बटणाकडे गेलं. समोर अक्कांच्या शिवणयंत्रावर माझी बायको काहीतरी उसवत बसली होती. तिने मान वर न करताच विचारलं, "रविवारचा निरोप आला का?"

"आला," मी म्हटलं.

"मग राहू दे की."