खालच्या खोलीचं भाडं

आमच्या आईनं सात वर्षं पोटभर पाणी प्यायलं नाही. नळाला पाणी यायचं, माठ भरलेला असायचा, पण ती सकाळी कपभर चहा घ्यायची आणि मग दिवे लागेपर्यंत नुसते ओठ ओले करायची. आमची खोली माडीवर होती आणि संडास खाली अंगणात. मध्ये चौदा पायऱ्या. लहानपणी पोलिओ झाल्यापासून आईच्या दोन्ही पायांत जोर नाही. ती हातांत चपला घालून, बसून, एकेक पायरी उतरायची आणि चढताना पाठमोरी चढायची. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. तिसऱ्यांदा उतरायची पाळी येऊ नये म्हणून पाणी बंद.

आधी आम्ही असे राहत नव्हतो. अकोला आणि अमरावतीच्या मधलं आमचं गाव तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतले साहेब अजून नोकरीत आहेत आणि माणूस वाईट नव्हता. तिथे बाजाराजवळ आमची भाड्याची खालची खोली होती. बाबा अकोल्याच्या एका दालमिलमध्ये हमाल होते, शनिवारच्या बसनं घरी यायचे. आई दारात बसून साड्यांना फॉल लावायची. तिचा टाका इतका बारीक, की लग्नसराईत दर्यापूरच्या बायाही तिच्याकडे साड्या पाठवायच्या.

मग डाळीची धूळ बाबांच्या छातीत बसली आणि मिल सुटली. त्याच सुमारास घरमालक काका म्हणाले, खालच्या खोलीला शटर लावून मोबाइलचं दुकान काढतो. दुकानाइतकं भाडं देत असाल तर राहा, नाहीतर वरची खोली रिकामी आहे. काका दुष्ट नव्हते. सगळ्या बाजारपेठेत तेच चाललं होतं, खालच्या सगळ्या खोल्यांची दुकानं होत होती. वरची खोली तेवढीच, तशीच, फक्त स्वस्त. आम्ही वर गेलो. तेव्हा मी नववीत होते.

वर गेल्यावर गिऱ्हाईक तुटलं. मग आईनं गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायला सुरुवात केली. बाई खालून हाक मारायची, पिशवीत साडी टाकायची, आई वर ओढून घ्यायची. पोरं तिला "लिफ्टवाली काकू" म्हणायची. ती हसायची. मला ते हसू आवडायचं नाही.

मी अमरावतीला बी.ए. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे मी लाजत सांगत नाही. सकाळी कॉलेज आणि दुपारी एका ऑनलाइन सेंटरवर लोकांचे फॉर्म भरून द्यायचं काम. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड. तीन वर्षांत इतके फॉर्म भरले, की कोणत्या रकान्यात काय लिहिलं म्हणजे कागद परत येत नाही हे मला तोंडपाठ झालं. पदवीपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं, असं बाबा म्हणायचे. मी म्हणायचे, दोन्ही उपयोगी पडलं.

पदवीनंतर मी त्याच सेंटरवर राहिले. त्या उन्हाळ्यात आईच्या पोटात कळ उठली. तिला अमरावतीच्या दवाखान्यात आणलं. मुतखडा निघाला. डॉक्टर म्हणाले, "मावशी, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायचं."

आई म्हणाली, "पानी पेनं सोपं हाये जी डॉक्टरसाहेब. उतरनं कठीन हाये."

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या बसमध्ये मी ठरवलं, की आईला खालची खोली मिळालीच पाहिजे. माझ्या पगारात ती बसत नव्हती, बाबांच्या औषधांपुढे तर अजिबात नाही. पण नगरपरिषदेला आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, हे मला सेंटरवरच्या कागदांवरून माहीत होतं. तो कशावर खर्च होतो ते बघायला सोमवारी सुट्टी घेऊन गेले.

नगरपरिषदेतले बाबू म्हणाले, "तीनचाकी सायकल आहे. घेऊन जा."

"ती आमच्याकडे आहे. जिन्याखाली गंजून राहिली. माडीवर चढते काय सायकल?"

"मग शिलाई मशीन."

"पायानं चालवायची?"

बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पाहिजे तरी काय मॅडम?"

"भाड्याला मदत. खालच्या खोलीच्या."

"भाड्याचा रकानाच नाही."

"मग तसं लेखी द्या."

लेखी कोणी देत नाही. त्याऐवजी त्यांनी अर्ज घेतला आणि घरी चौकशीला साहेब येतील म्हणून सांगितलं. मला तेवढंच पाहिजे होतं. एकदा माणूस त्या चौदा पायऱ्या चढून आला, की वेगळं काय सांगायचं?

चौकशीच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. शनिवारी घरी गेले तेव्हा आई खुशीत होती. "आले होते तुहे साहेब. चांगला मानूस हाये. दोनदा पोहे घेतले."

बाबा खाटेवरून खोकत म्हणाले, "खुर्च्या आनल्या होत्या तुह्या मायनं. मंडपवाल्याच्या. दोन."

हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेब येणार म्हणून आईनं शेजारणीकडून कपबशा मागून आणल्या. माझ्या ट्रंकेतली नवी चादर खाटेवर टाकली. स्वतः लग्नातली हिरवी साडी नेसून, पायांवर पदर घेऊन भिंतीला टेकून बसली. साहेबांनी विचारलं, काही अडचण आहे का? आई म्हणाली, "आमाले काई कमी नाई जी. पोरगी ग्रॅज्युएट हाये, अमरावतीले नोकरी करते."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कुटुंबाची स्थिती समाधानकारक असून मदतीची गरज दिसून येत नाही.

मी कागद आईसमोर आपटला. "कमी नाई म्हनून सांगतलं तू? कशाले सांगतलं?"

"मंग काय सांगू? घरी आलेल्या मानसाले रडून दाखवू?"

"तो पाव्हना नव्हता माय! चौकशीले आला होता!"

"आपल्या दारात आला म्हनजे पाव्हनाच."

"पुन्हा आला तं साधी साडी नेस. चादर नोको टाकू. खुर्च्या तं मुळीच नोको."

आईनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, "काहून व? भीक मांगाची हाये काय? तसं असन तं मले वरच राहू दे. गरीब आहो म्हनून नोको मांगू पोरी. मले खाली जागा पायजे म्हनून मांग."

मी रागानं गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून एका बाईनं हाक मारली, मी पिशवी सोडली, साडी वर ओढली. मुठीत दोरी होती आणि डोक्यात आईचं बोलणं. तिचं बरोबर होतं. आमचा अर्ज मीच चुकीचा लिहिला होता. त्यात मी आमच्या परिस्थितीचं वर्णन केलं होतं, आजार, औषधं, सगळं. साहेब परिस्थिती बघायला आले आणि आईनं त्यांना चांगली परिस्थिती दाखवली. पायऱ्यांबद्दल मी अर्धी ओळ लिहिली होती.

नवा अर्ज मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. त्यात गरीब हा शब्द एकदाही नाही. लिहिलं ते एवढंच: वरच्या खोलीचं भाडं अमुक, त्याच मापाच्या खालच्या खोलीचं अमुक. धडधाकट माणूस स्वस्त म्हणून वर राहू शकतो. माझ्या आईला तशी निवड नाही. खाली राहणं तिची चैन नाही, तिला दुसरीकडे राहताच येत नाही. म्हणून दोन भाड्यांतला जो फरक आहे तो पाच टक्के निधीतून मिळावा.

एकटीचा अर्ज पुन्हा परत येईल हे मला ठाऊक होतं. म्हणून मी शिंप्याकडचा टेप घेतला आणि रविवार-रविवार गावात फिरले. भाड्यानं राहणारे दिव्यांग शोधले. बसस्टँडवर उदबत्त्या विकणारे एक अंध काका होते. त्यांच्या जिन्याच्या तोंडाशी उघडी नाली, तीत ते दोनदा पडले होते. एका पोराची कुबडी जिन्यात मावत नव्हती, त्याचा भाऊ त्याला पाठीवर घेऊन उतरायचा. असे अकरा जण सापडले. प्रत्येकाच्या पायऱ्या मोजल्या, दाराची रुंदी मोजली, संडासापर्यंतची पावलं मोजली आणि ते आकडे प्रत्येकाच्या नावानं लिहिलेल्या अर्जाला जोडले.

चौकशी त्यांच्यापैकी तिघांकडेही होऊन गेली होती. तिघांनाही "समाधानकारक" मिळालं होतं. मी विचारलं, साहेब आले तेव्हा बसायला काय दिलं? तिघांनीही खुर्च्या मागून आणल्या होत्या. दोघांनी तर त्याच मंडपवाल्याकडून. मी रस्त्यात उभी राहून हसले. मग मात्र रागानं तिघांना आलेली उत्तरं घडी करून पर्समध्ये टाकली.

लोक बोलायचे. शेजारची काकू मला ऐकू जाईल असं म्हणायची, "ग्रॅज्युएट झाली तं काय कलेक्टर झाली काय व?" मी म्हटलं, "नाई काकू. पन कलेक्टरले अर्ज कसा लिवाचा ते येते." मला गोड बोलता येत नाही. कॉलेजात पुण्याकडच्या एक मॅडम म्हणायच्या, तुम्ही वऱ्हाडातली माणसं भांडल्यासारखं बोलता. नगरपरिषदेत त्याचा फायदाच झाला.

तेव्हा निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते. सगळा कारभार मुख्याधिकारी मॅडमच्या हातात. मी दर सोमवारी दहाला त्यांच्या दाराशी उभी. सेंटरच्या मालकांनी माझी सुट्टी रविवारची सोमवार करून दिली, त्यांचे उपकार आहेत. पहिल्या सोमवारी मॅडम मीटिंगला होत्या. दुसऱ्या सोमवारी अकोल्याला. पाचव्या सोमवारी शिपाईच म्हणाला, "ताई, आज चहा घेऊन घ्या, मॅडम उशिरा येतीन." सातव्या सोमवारी मॅडमनी बारा अर्ज हातात घेतले, पायऱ्यांचे आकडे वाचले आणि म्हणाल्या, "मी स्वतः येते बघायला. पहिलं घर तुमचं."

मॅडम येणार एवढंच मी आईला सांगितलं, साडीचं नाही, खुर्च्यांचं नाही. सांगूनही तिनं ऐकलं नसतंच. मॅडम आल्या तेव्हा खाटेवर चादर होती, हिरवी साडी होती, मंडपवाल्याच्या दोन खुर्च्या होत्या. पोह्यांचा वास जिन्यापर्यंत आला होता. बाबांनी माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणजे काही बोलू नको.

मॅडम वर आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. आईनं आधी तांब्या-पेला पुढे केला. मॅडम पाणी प्यायल्या आणि उन्हाचं काहीतरी बोलल्या. मग पोहे आले, चहा आला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या ना. निदान पाणी तरी घ्या, घाम आलाय तुम्हाला."

"मी संध्याकाळी पेतो जी," आई सहज म्हणाली.

"संध्याकाळी का?"

"आता पेलं तं उतरा लागते."

मॅडमनी पेला खाली ठेवला. एकदा दाराकडे बघितलं, एकदा आईच्या पदराखालच्या पायांकडे. "रोज असं?"

"सात वर्षं झाले. सवय झाली जी. तुमी पोहे घ्या, थंडे होऊन राहिले."

मॅडमनी पोहे पूर्ण खाल्ले. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. निघताना त्या पायऱ्या मोजत उतरल्या. खाली अंगणात उभ्या राहून त्यांनी मला विचारलं, "घरमालक भाडेकरार करून देईल?"

"नाही देणार. भाडेकरू दाखवला की घराचा कर वाढतो म्हणून भितात. कोणाचाच मालक देणार नाही."

"मग कागद काय लावायचा?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. "तुमच्या माणसानं पंचनामा करावा, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या. माणूस खाली राहतो की नाही ते शेजाऱ्यांना माहीत असतं."

मॅडम थोडं हसल्या. "लिहून द्या."

मी तिथेच, जिन्याखालच्या गंजलेल्या सायकलीवर कागद ठेवून, लिहून दिलं.

पुढे तीन महिने गेले. एकदा फाइल हरवली, ती मीच बाबूंच्या कपाटावर शोधून काढली. एकदा आक्षेप निघाला, की नियमात भाड्याचा स्पष्ट उल्लेख नाही. मी लेखी विचारलं, भाडं देऊ नये असा उल्लेख कुठे आहे? त्याला उत्तर आलं नाही. त्यानंतर ठराव झाला.

आमच्या नगरपरिषदेनं भाड्यानं राहणाऱ्या दिव्यांगांना, वरच्या आणि खालच्या खोलीच्या भाड्यातला फरक पाच टक्के निधीतून द्यायचं मंजूर केलं. करार नसला तरी पंचनाम्यावर. बाराच्या बारा अर्ज मान्य झाले. ज्यांना खोल्या मिळाल्या ते खाली आले. दोघांना अजून खोली मिळालेली नाही, त्यांच्यासाठी मी शोधते आहे. ठराव वर्षा-वर्षाचा आहे, म्हणून दर वर्षी मला पुन्हा जावं लागतं आणि मी जाते.

आई आता बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली राहते. दारात बसून फॉल लावते. संडास तिच्या खोलीपासून सहा पावलांवर आहे, मी टेपनं मोजलं आहे. ती दिवसभर पाणी पिते.