यांना दुपारी उठवताना

माझे वडील कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात, उर्दूतून झालेलं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला, पण वडिलांच्या बोलण्यातली उर्दू काही गेली नाही. रविवारी जेवण झालं की ते म्हणायचे, "मी जरा कैलुला करतो." कैलुला म्हणजे दुपारची झोप, हे आम्हा भावंडांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्या वेळात घरात एखादं भांडं वाजलं तरी आई डोळे मोठे करायची. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे माझ्या अंगात तेव्हापासून मुरलं. पुढं लग्न झालं, शाळेतली नोकरी झाली, नातवंडं झाली, तरी झोपलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा म्हटलं की मी अडखळायची.

माझे यजमान पैठणकडच्या शेतकरी घरातले. नोकरी पाटबंधारे खात्यात. त्यांना दुपारी झोपणाऱ्यांचा भारी तिटकारा. सुट्टीच्या दिवशी मी वह्या बाजूला सारून जरा कलंडले की हे मुद्दाम रेडिओ मोठा करायचे. "दिवसाढवळ्या झोपायला काय आजारी हाय का आपण?" असं वर विचारायचे.

निवृत्तीनंतर आम्ही पुंडलिकनगरातल्या घरी राहायला आलो. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. साठी उलटल्यावर मात्र यांची मान पेपर वाचता वाचता खाली जायला लागली. मी हसले की म्हणायचे, "झोपलो कुठं? डोळे मिटले होते नुसते." मग मानेखाली उशी आली. मग एका उन्हाळ्यात यांनी स्वतःच दिवाण ओढून कूलरसमोर लावला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. जेवण झालं की हे बाहेरच्या खोलीत, मी आतल्या खोलीत. घर अगदी शांत. म्हातारपण असं असेल तर बरंच आहे की, असं वाटायचं.

त्याच सुमारास यांना साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सकाळची गोळी सुरू केली आणि बजावलं, "उपाशी राहायचं नाही. उपवास तर अजिबात नको." यांनी मान हलवली. पण सासूबाई गेल्यापासून त्यांचा चतुर्थीचा उपवास हेच पुढं चालवत होते. रात्री चंद्र बघितल्याशिवाय जेवायचे नाहीत. त्यावरून आमची भांडणं झाली. शेवटी चतुर्थीला दुपारी भगर खायची, एवढं यांनी कबूल केलं.

ती चतुर्थी उन्हाळ्यातली. आदल्या रात्री नळ आले होते. आमच्याकडं पाणी बऱ्याच दिवसांनी येतं आणि आलं की सगळी गल्ली जागी होते. मोटारी, पाइप, बादल्या, सगळ्यांचीच रात्र त्यात गेली होती. सकाळी यांनी सवयीनं गोळी घेतली, चहा घेतला, एक केळं खाल्लं. दुपारी मी भगर वाढायला घेतली तर म्हणाले, "झाकून ठेव. आधी जरा पडतो. लई कंटाळा आलाय."

मी ताटली झाकली आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. मलाही गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन तिरकं झालं होतं. ओट्यावर भगर तशीच होती. हे अजून झोपलेलेच. रात्रभर पाणी भरलंय, झोपू दे, असं मनाशी म्हणत मी चहा टाकला. आतूनच हाक मारली, "अहो, चहा झालाय."

"हं," असं ऐकू आलं. मला बरं वाटलं.

चहा कपात ओतला, त्यावर साय धरली, तरी हे येईनात. मी बाहेर गेले. हे डोळे अर्धवट उघडे ठेवून पुटपुटत होते, "दरवाजे उघडा... पाणी वाढलंय... दरवाजे..." यांची निम्मी नोकरी धरणावर गेलेली. स्वप्न पडलंय, असं समजून मी हसले. जवळ जाऊन खांद्याला हात लावला आणि तिथंच थबकले. कूलरचा झोत सरळ अंगावर येत होता, तरी बनियन पिळून काढावं इतकं ओलं होतं. कपाळ गार. हात गार.

"अहो! उठा बघू! अहो!"

यांनी माझ्याकडं बघितलं, पण मी दिसले नसावे. साखर उतरली, हे माझ्या डोक्यात आलं. धावत जाऊन साखरेचं पाणी केलं, मान उचलून पेला ओठांना लावला. यांनी दात गच्च आवळले. पाणी गळ्यावरून खाली सांडलं. मी पुन्हा पेला लावला तर यांनी हाताचा जोरात फटका मारला. पेला भिंतीवर जाऊन आदळला. "जा तिकडं, रांडे," असं म्हणाले. संसाराला चार दशकं होत आली होती. असा शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला रडू फुटलं नाही. फक्त हे आता हातचे जातायत, एवढंच कळलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडर म्हणाला, "साहेब आराम करायलेत. पाचला दवाखाना उघडतो, तेव्हा या."

"उठवा त्यांना!"

"त्यांना उठवलेलं चालत नाही, मॅडम."

मी फोन तसाच टाकून अनवाणी रस्त्यावर आले. डांबर तापलेलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी दारं बंद आणि प्रत्येक घरात कूलरची घरघर. समोरचं फाटक मी दोन्ही हातांनी वाजवलं. मग शेजारचं. मग त्याच्या पुढचं. कुणाचंच दार उघडेना. सगळे जण रात्रीची झोप भरून काढत होते. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच लहान वाटत होता. रस्त्यावरून एक दगड उचलला आणि समोरच्या लोखंडी फाटकावर ठोकत सुटले.

अखेर कडी निघाली. समोरच्या वहिनी गाऊनवर ओढणी घेत, केस सावरत बाहेर आल्या. "काय झालं हो?"

"हे उठेनात."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना काय वाटलं ते मला कळलं. "तसं नाही," मी म्हणाले, "श्वास आहे. साखर उतरलीय. पण तोंड उघडू देत नाहीत."

त्यांनी आत वळून नवऱ्याला जोरात हाक मारली, "अहो, गाडी काढा!" आणि माझ्या आधी त्याच आमच्या घरात शिरल्या. आम्ही दोघींनी यांना कुशीवर वळवलं. त्यांनी यांचे हात धरून ठेवले. मी साखर ओली करून बोटावर घेतली आणि गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायला लागले. यांनी बोट चावलं. मी ओढून घेतलं नाही. पुन्हा साखर, पुन्हा गाल. वहिनी सारखं म्हणत होत्या, "भाऊ, आम्ही आहोत. भाऊ, घाबरू नका."

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा यांचा जबडा सैल पडला होता. वहिनींच्या नवऱ्यानं काखेत हात घालून यांना गाडीत बसवलं. मोठ्या दवाखान्यात सलाइन लागलं, सुईतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळानं यांनी डोळे नीट उघडले. माझ्या बोटाला रुमाल गुंडाळलेला बघून विचारलं, "हे काय झालं तुला?"

"विळी लागली," मी म्हणाले. काय काय बोलले होते, ते मी यांना आजवर सांगितलेलं नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळी बदलली, यांनीही चतुर्थीचा उपवास कायमचा बंद केला. पण माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. हे आडवे झाले की मी खुर्ची घेऊन समोर बसायची. छाती वरखाली होतेय ना, ते बघायची. जरा हालचाल दिसली नाही की हलवून उठवायची. ज्या बाईला झोपलेल्याला हात लावायचा धीर नव्हता, ती दर दुपारी नवऱ्याला गदागदा हलवत होती.

हे चिडायचे. "अशी राखण करत बसू नको. मढ्याजवळ बसल्यावानी बसतीस."

"मग काय करू?"

"झोप की तू पण."

एका दुपारी मी भांडी आवरून बाहेर आले तर दिवाण रिकामा. चपला नाहीत, फोन दिवाणावरच. मी उन्हात पुन्हा गल्लीभर धावले. हे सापडले मारुतीच्या देवळात. सभामंडपाच्या गार फरशीवर, टोपी डोक्याखाली घेऊन घोरत होते. मी तिथंच खांबाला टेकून बसले. त्यांना जाग आली तशी मी सुरू झाले. माझा आवाज चढला. पुजारी आतून डोकावून पुन्हा आत गेला.

"घरात झोपू देत नाहीस म्हणून आलो," हे हळूच म्हणाले.

"आणि इथं काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं. पण झोप तरी झाली असती."

मी त्यांची टोपी झटकून त्यांच्या हातात दिली. मग ठरलं ते असं: जेवल्याशिवाय पाठ टेकायची नाही, झोपायच्या आधी मशीनवर साखर बघायची, आणि दोन्ही बिछाने एकाच खोलीत. मी हलवायचं नाही. हाक मारायची, आणि यांनी माझं नाव घेऊन उत्तर द्यायचं. नुसतं "हं" चालणार नाही.

हे नीट पार पडलं असं म्हणवत नाही. पहिले काही दिवस मी उगाच हाका मारल्या आणि यांनी माझं नाव शिवी दिल्यासारखं उच्चारलं. मग एका दुपारी थकून माझाच डोळा लागला. बऱ्याच दिवसांची झोप होती, गाढ लागली. जाग आली ती गालावर कुणाचा तरी श्वास लागून. हे माझ्या तोंडावर वाकले होते, चष्मा नाही, चेहरा पांढरा पडलेला, दोन बोटं माझ्या नाकाशी धरलेली.

"काय झालं?"

"काय नाय," असं म्हणत ते दिवाणाच्या कडेवर बसले. "दोनदा हाक मारली मी. तू बोलली नाहीस."

मी उठून यांना पाणी दिलं. त्या दुपारी मग आम्ही दोघंही झोपलो नाही.