काकांच्या प्रार्थनेची नक्कल

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना बंगळुरात मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून तिथे पोचायला मला दोन तास लागतात आणि काकांची प्रार्थना संपायला त्याहून जरासे कमी. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. पाळकांचं प्रवचन झालं की सर्वांच्या वतीने मोठ्याने प्रार्थना करायचा मान त्यांचा. मंडळीच्या सगळ्या सूचना ते त्यातच उरकतात. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, पुढच्या रविवारी उपासना चारला नसून साडेचारला आहे. महिला मंडळाचे दोन डबे अजून परत आलेले नाहीत, हेही तू पाहतोस." पन्नास वर्षं बंगळुरात काढल्यामुळे मधूनच कानडी वळणाचं "प्रभू, स्वल्प इकडेही बघ" असंही येतं.

मला नकलांची खोड लहानपणापासूनची. एका रविवारी उपासनेनंतर कॉफीच्या वेळी तरुण पोरापोरींनी आग्रह केला आणि मी डोळे मिटून सुरू झाले. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, आजच्या उपम्यात मीठ कमी आहे. करणाऱ्या भगिनीचं नाव मी घेत नाही, पण ती खिडकीपाशी निळ्या साडीत उभी आहे." आधी हशा पिकला, मग एकदम शांतता. डोळे उघडले तर काका कप घेऊन समोर उभे.

पाळकांनी मला बाजूला घेतलं. ख्रिस्ती माणसाने खुशाल हसावं, पण प्रार्थनेची थट्टा करू नये, असं त्यांनी समजावलं. मी वाद घातला, की नक्कल मी काकांची केली, देवाची नाही.

"पण काका तेव्हा कोणाशी बोलत असतात?" त्यांनी विचारलं.

पुढच्या रविवारी काका उठले, "प्रभू, तुझे आभार. आमेन," म्हणाले आणि बसले. आत कॉफीचं दूधही तापलं नव्हतं. त्यानंतरचे दोन रविवारही तेच. डब्यांचं काय झालं हे कोणालाच कळेना. लोकांना गंमत वाटत होती, मला मात्र नाही. एका म्हाताऱ्या माणसाचं देवाशी बोलणं मी बंद पाडलं होतं.

चौथ्या रविवारी मी लवकर जाऊन काकांना गाठलं. "काका, चुकलं माझं."

"नक्कल चांगली होती गं," ते म्हणाले. "पण आता तोंड उघडलं की मला तुझाच आवाज ऐकू येतो."

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "तीन आठवडे सगळ्या सूचना मला देतायत. देवाकडेच गेलेल्या बऱ्या."

त्या दिवशी काका उभे राहिले, घसा खाकरला, दोनदा अडखळले. मग म्हणाले, "प्रभू, तुला ठाऊकच आहे, आपल्यात एक मुलगी आहे. नाव मी घेत नाही. पिवळी ओढणी तोंडावर धरून ती आत्ता हसू दाबते आहे." हॉलभर खांदे हलू लागले. पाळकांचेसुद्धा. "तिची जीभ तिखट आहे, ती तशीच राहू दे. पण प्रभू, ती इथे एकटी राहते. तिला रोज सुखरूप घरी पोचव. तिकडे नगरला तिच्या आईला शांत झोप लागू दे."

घर सोडल्यापासून माझ्यासाठी असं मोठ्याने कोणी काही मागितलं नव्हतं. सगळे "आमेन" म्हणाले. माझं आमेन सगळ्यांच्या मागून आलं.