शिक्केवालीचा ‘दणकट’

शिक्केवालीचं सगळं आयुष्य बारीक अक्षरांत चाललं होतं. रबरी शिक्क्यांच्या दुकानात ती सव्वीस वर्षं कामाला होती. ‘रद्द’, ‘मिळाले’, ‘मूळ प्रत पाहिली’ असले नखाएवढे शब्द कापायचे, लाकडी मुठीला चिकटवायचे आणि कागदावर ठोकून बघायचे. घरी धाकटा भाऊ, भावजय आणि ती. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही." ते खोटंही नव्हतं. दुकानातून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर भावाचा जुना कॉम्प्युटर उघडून ती जाडजूड अक्षरं काढत बसायची.

हे खूळ डोक्यात शिरलं ते वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवरून. सुतार होते ते. पेटीच्या झाकणावर कुठल्याशा जुन्या कारखान्याचं नाव होतं: काळंभोर, रुंद, प्रत्येक रेघेच्या टोकाला चौकोनी ठोकळा. अक्षरांनी जाड तळाचे बूट घालून पाय रोवलेत, असं वाटायचं. तिला तशीच अक्षरं हवी होती. साडेतीन वर्षं लागली. त्यातले आठ महिने एकट्या ‘ळ’ने खाल्ले, कारण त्याची वेटोळी जाड केली की मधली भोकंच बुजायची. शेवटी जमला. फॉन्टचं नाव तिने ठेवलं ‘दणकट’ आणि तो इंटरनेटवर विकायला ठेवला.

"ताई, एवढी आडदांड अक्षरं घेणार कोण?" भाऊ म्हणाला. "यात लग्नपत्रिका छापली तर पाहुणे घाबरून यायचेच नाहीत."

वर्षभरात पाच जणांनी घेतला. त्यातला एक भाऊच होता.

मग एका मंगळवारी सकाळी ती गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती आणि खालून एक ट्रक गेला. पिवळ्या पाठीवर काळ्या, हातभर उंच अक्षरांत लिहिलं होतं: सामान सांभाळून नेऊ.

"वहिनीऽऽ! माझा ळ! माझा ळ चाललाय!"

भावजय अर्धवट विंचरलेल्या केसांनी धावत आली. "काय झालं? कुठे चाललाय?"

"ट्रकवर! दणकट! स्कूटर काढ!"

भावजय मुळातच हौशी. तिने पुढे काही न विचारता किल्ली उचलली. दोघी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरल्या.

"वन्सं, घट्ट धरा," असं म्हणून तिने स्कूटर अशी पिटाळली की कोपऱ्यावरचा केशकर्तनवाला वस्तरा हातात धरून दारात आला. ट्रक उजवीकडे वळला, स्कूटर उजवीकडे वळली. शिक्केवाली मागे बसून हातातला टॉवेल फिरवत ओरडत होती, "सा! मा! न! बघ गं, काना किती सरळ बसलाय!"

ड्रायव्हरने आरशात हे दृश्य पाहिलं आणि सिग्नल ओलांडून ट्रक बाजूला घेतला. खाली उतरला तोच हात जोडून.

"बाई, तुमचं कपाट आम्ही नाही फोडलं. ते आधीच तडकलेलं होतं."

"कुठलं कपाट?"

"मग तक्रार कसली?"

"तक्रार नाही हो. हा ळ माझा आहे!"

ड्रायव्हरने घाबरून भावजयीकडे पाहिलं. ती धापा टाकत म्हणाली, "ही अक्षरं आमच्या वन्संनी काढलीत. घरी बसून. एक-एक."

"काढलीत?" तो ट्रककडे बघतच राहिला. "मला वाटायचं, अक्षरं आपली असतातच."

शिक्केवालीने ‘ळ’वर हात ठेवला. उन्हाने पत्रा तापला होता. सव्वीस वर्षं जे शब्द तिने बोटांच्या चिमटीत धरले, त्यांतलं एक अक्षर आता तिच्या दोन्ही तळव्यांत मावत नव्हतं. तिला हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिने टॉवेलने पुसलं. मग नाक ओढत म्हणाली, "भा आणि ळू यांच्यात बोटभर जागा जास्त सोडलीय मात्र."

ट्रकच्या केबिनमध्ये एक आजोबा मांडीवर फुलझाडाची कुंडी घेऊन बसले होते. सामान त्यांचंच, घर बदलत होते. खिडकीतून वाकून ते म्हणाले, "म्हणूनच मी या लोकांना बोलावलं. बाकीच्यांच्या जाहिराती वाचायला चष्मा शोधावा लागतो. ही गाडी मी तिसऱ्या मजल्यावरून वाचली! माझ्या नव्या दारावर अशी पाटी करून द्याल?"

"आत्ता करते," शिक्केवाली म्हणाली, आणि केबिनमध्ये आजोबांच्या शेजारी चढून बसलीसुद्धा. भावजय स्कूटरवरून मागोमाग. त्या दिवशी दोघींनी आजोबांची सगळी पुस्तकं लावून दिली. दुकानात शिक्केवाली पहिल्यांदाच तीन तास उशिरा पोहोचली. मालकाने कारण विचारलं तर तिने त्याला ट्रकचा फोटो दाखवला, तोही दोनदा.

आजोबांच्या दारावर पाटी लागली. पुढच्या वर्षभरात ‘दणकट’ व्यायामशाळेच्या भिंतीवर चढला, मुरंब्याच्या बरण्यांवर बसला, ‘येथे गाडी लावू नये’ म्हणून फाटकावर उभा राहिला, आणि खरंच तिथे कुणी गाडी लावेना. फसला तो एकाच ठिकाणी. एका दातांच्या डॉक्टरने दवाखान्याबाहेर त्याच अक्षरांत लिहिलं, ‘अजिबात दुखणार नाही’. ते वाचून दोन पेशंट दारातूनच परतले. शिक्केवाली आपणहून त्याच्याकडे गेली, सडपातळ, गोलसर अक्षरांचे चार नमुने टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "डॉक्टर, यातलं एक घ्या. माझा दणकट एवढं गोड बोलणारा नाही."