मी हसलो नव्हतो

शाळा मी चौथीत सोडली, पण गाडीतलं मला कोणी शिकवू नये. धुळ्याला जुनी गाडी घ्यायला निघालो तेव्हा पोरगा म्हणाला, "आबा, सोबत मेकॅनिक न्या." नेला एक. नाव काही मी विचारलं नाही.

माणूस चमत्कारिक. चपला बाहेर काढून अनवाणी गाडी चालवायचा. आधी स्वतः एक फेरी मारायचा, मग स्टिअरिंग माझ्याकडे देऊन शेजारी बसायचा आणि रस्ता सोडून मलाच न्याहाळायचा.

माझं मन एका मोठ्या पांढऱ्या गाडीवर बसलं होतं. गावात शिरली की लोकांनी ओट्यावरून उठून उभं राहावं, अशी. ती मी शिरपूर रस्त्याला फिरवून आणली. मग, मी नको म्हणत असताना, त्याने एका लहान लाल गाडीत बसवलं.

"आबा, दाबा!"

दाबलं. गाडी अशी सुटली की खिडकीच्या वाऱ्याने माझी टोपी मागच्या सीटवर गेली आणि कापसाचा ट्रक कधी मागे पडला ते कळलं नाही.

परत आल्यावर चपला घालत तो म्हणाला, "लाल ल्या आबा. सस्ती शे, पळस बी जोरात."

"इंजिन उघडून न बघता?"

"इंजिन कानले समजी गयं. मी तुमनं तोंड दखत व्हतू. धवळी गाडीमा तुम्ही फोटो काढाले बठेल सारखा बठनात. लालमा हसनात."

मी हसलो नव्हतो. वाऱ्याने तोंड उघडं राहिलं होतं. हे त्याला तिथेच ठणकावून सांगितलं आणि लाल गाडी घेऊन घरी आलो.

आता टोपी खिशात ठेवूनच चालवतो.