कांताबाईंचं हजाराचं बिल

कांताबाई रंगारी बारीक अक्षर वाचायला शिकल्या त्या साठी उलटल्यावर. त्यांचे यजमान टिकाराम भिलाईच्या कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सोडून दोघं स्मृति नगरात राहायला आली आणि कोपऱ्यावर एक मोठं किराणा मार्ट उघडलं. तिथल्या चहाच्या पुड्यात पहिलं कुपन निघालं. दहा रुपयांचं. त्या दिवशी कांताबाईंना जो आनंद झाला, तो टिकारामांच्या प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता.

मग नादच लागला. पेपर आला की टिकारामांच्या हाती पडेपर्यंत त्याला दोन खिडक्या पडलेल्या असत. "अवं, बातमी तरी ठेवत जा!" ते ओरडत. शेजारच्या मैनाबाई आपला पेपर आणून देत. नात दीक्षानं मोबाईलवर मार्टचे पॉइंट जमा करून दिले.

मार्टच्या वाढदिवसाचा सेल लागला, त्याच्या आदल्या संध्याकाळी कांताबाई चष्म्यावर भिंग धरून बसल्या होत्या. अचानक उठून उभ्याच राहिल्या.

"अवो, आयकता का! दोन कुपनं संगं चालत नाई, असं कुठंच लिवलं नाई!"

"मंग?"

"मंग सारीच चालते नं!"

"लाज आणशील माही," टिकाराम म्हणाले. पण सकाळी पिशव्या धरायला तेच पुढे. दीक्षा आणि मैनाबाईही सोबत निघाल्या.

काउंटरवर सामान एकवीसशे चाळीसचं झालं. तेलावर सेल होताच, बिल सोळाशे नव्वदवर आलं. कांताबाईंनी पेपरचं कुपन दिलं. तेराशे बावन्न. मग चहाचं काढलं. काउंटरवरच्या पोरीचा हात थांबला.

"माताजी, एक ही चलेगा."

"कहाँ लिखा है, बेटी? पढ के बता."

पोरीनं कुपन उलटंपालटं केलं. मागे रांग वाढत होती, पण कुणी कुरकुरत नव्हतं, सगळे माना उंचावून पाहत होते. शेवटी मॅनेजर भूपेंद्र साहू आला. त्यानं कुपन वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरून वाचलं. कांताबाईंनी भिंग पुढे केलं. तो खो खो हसत सुटला आणि आईला हाक मारावी तसा छत्तीसगढीत म्हणाला,

"दाई, तैं तो हमर ले जादा पढ़े हस! ले ले बेटी, सब ले ले."

चहाचं कुपन गेलं. "बारा सौ दो!" रांगेतून कुणीतरी मोठ्यानं वाचलं. साबणाचं गेलं. "ग्यारा सौ बारा!" आता अर्धी रांग एका सुरात ओरडत होती. दीक्षानं मोबाईल पुढे केला, एकशे बारा पॉइंट वजा झाले आणि पडद्यावर बरोब्बर एक हजार उमटलं. टाळ्या पडल्या. टिकारामही वाजवायला गेले आणि तुरीच्या डाळीची पिशवी पायावर पाडून बसले.

घरी कोण जातं! मैनाबाई म्हणाल्या, "कांता, मले बी सांग नं." मग दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत कांताबाई ट्रॉल्यांमध्ये डोकावत फिरत होत्या. "हा लहान पुडा कावून घेतला? मोठ्यावर कुपन हाये!" भूपेंद्रनं त्यांना बसायला स्टूल दिलं, वर चहा पाजला.

पुढच्या महिन्याच्या कुपनावर नवी ओळ आली: एका बिलावर एकच कुपन. मैनाबाईंचं तोंड उतरलं. कांताबाई मात्र ते कुपन घेऊन गल्लीभर फिरल्या. "माह्याच्यानं छापा लागलं त्याहिले! मोठ्या कंपनीले!"

वाचलेले पैसे टिकारामांनी बँकेत टाकायचं सुचवलं. कांताबाईंचा बेत वेगळाच होता. रविवारी त्या नवऱ्याला, नातीला आणि मैनाबाईंना घेऊन भिलाईच्या प्राणिबागेत, मैत्रीबागेत गेल्या आणि तिथल्या छोट्या आगगाडीची चार तिकिटं काढली. तिशीत पोरांना घेऊन आल्या होत्या, तेव्हा त्या खालीच उभ्या राहून पिशव्या सांभाळत होत्या.

या वेळी त्या सर्वांत पुढच्या डब्यात बसल्या. गाडी वळणावर कलली, तशी मैनाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि दोघी शाळेतल्या पोरींसारख्या किंचाळल्या. टिकाराम बाहेरच्या अनोळखी लोकांना हात हलवत होते.

गाडी थांबली. कुणीच उतरेना.

"दादी, उतरना है," दीक्षा म्हणाली.

"तू उतर," कांताबाई म्हणाल्या, "अन् अजून चार तिकिटं आण."